दाईच्या वर्गातला सातवा

९ ऑक्टोबर १९५६, मंगळवार

सरकारचा कागद आला.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्याला साडेपाच वर्षं झाली. मालगुजार नागपूरला जाऊन राहिले. त्यांचा दिवाणजी, म्हणजे मी, रखमाजी गुरनुले, गावातच राहिलो. रिकामा. वय अठ्ठावन्न. नांगर धरता येत नाही, झाड तोडता येत नाही, अक्षर मात्र वळणदार. अशा माणसाला आजकाल कोणी हाक मारत नाही.

जूनमध्ये ग्रामसेवक नावं लिहून घेत होता. पन्नाशीवरचे गरीब लोक, ज्यांच्या हाताला धंदा नाही, त्यांना सरकार आपल्या खर्चानं काम शिकवणार. शिकेपर्यंत दरमहा वेतन, शिकल्यावर हत्यारांची पेटी. 'कोणतं काम पाहिजे' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'कोणतंही बैठं काम चालेल.' त्याचं उत्तर आज आलं. सोमवारी पोंभुर्ण्याला हजर व्हायचं. चार महिने शिक्षण.

कागद इंग्रजीत आहे. ग्रामसेवकाला अडखळत वाचता येतं. म्हणाला, "नाव तुमचंच आहे जी. रखमापर्यंत बरोबर लागते. पुढचे टाइप घसरले आहेत."

"आणि काम कोणतं?"

"मिड असं काहीतरी आहे. मिड म्हणजे मधला. वरच्या साहेबाच्या आन् खालच्या चपराशाच्या मधातलं पद असन."

मधलं पद मला मानवेल. फार वरचं नकोच होतं.

सून कमळा हिला सांगितलं. वारलू, माझा मुलगा, घुग्घुसच्या कोळसा खाणीत असतो, रविवारी येतो, तेव्हा घरात ऐकायला तीच. आनंद झाला असावा, पण ताट तसंच टाकून परसात धावली. हल्ली तिचं जेवणाकडे लक्ष नसतं. वारलूला सांगावं लागेल.

१५ ऑक्टोबर, सोमवार

धुतलेलं धोतर, काळा कोट, टोपी. दोन कोस चालत गेलो. भाड्याचं घर, ओसरीवर सहा म्हाताऱ्या बसलेल्या. मला वाटलं, काही तक्रार घेऊन आल्या आहेत. मी म्हणालो, "बायांनो, गलबला करू नका. एकेक जण सांगा, मी लिहून घेतो."

त्या लगेच एकेक करून सांगू लागल्या. पहिली सुकरी, जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंडीण, अंगावर गोंदण, तोंडात तंबाखू. दुसरी शमसुन्निसाबी, बांगड्या विकणारी. तिसरी आशाबाई, विधवा. मी तिघींचं लिहून संपवलं, तोवर आतून एक पांढऱ्या लुगड्यातली मुलगी आली. वय पंचवीस. ही वर्ध्याची नर्सबाई, शिकवणारी. तिनं हजेरी घेतली. सहाजणी "हाजर" म्हणाल्या. मग तिनं वाचलं, "रुखमाबाई गुरनुले."

सहाजणी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"रुखमाबाई आल्या नाहीत का? सातजणी झाल्याशिवाय वर्ग चालू करता येत नाही. तसा नियमच आहे."

मी माझा कागद पुढे केला. तिनं तो वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "काका, हा दायांचा वर्ग आहे. बाळंतपणाचा."

सुकरीनं तंबाखू थुंकली आणि विचारलं, "मंग हेच का रुखमाबाई?"

पुढचं लिहीत नाही. सहा बाया हसू लागल्या की किती वेळ हसतात, ते मला आज कळलं.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

ब्लॉकच्या ऑफिसात गेलो. तिथला कारकून नानाजी माझ्या ओळखीचा. त्याला म्हणालो, "बाई खोडून जी कर, आन् मले दुसऱ्या वर्गात टाक."

नानाजीनं फाइल काढली. "आपण खोडनारे कोन? यादी नागपूरहून आली. नागपूरनं बाई म्हटलं तर बाई."

"अरे, तू मले वीस वर्षांपासून ओळखतोस."

"मी ओळखतो जी. फाइल नाई ओळखत. अर्ज द्या, वरती पाठवतो."

अर्ज लिहिला. अक्षर उत्तम आलं. 'अर्जदार जन्मापासून पुरुष असून अद्याप पुरुषच आहे' हे वाक्य मला स्वतःला आवडलं.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी दारात सहाही जणी. कमळेनं सगळ्यांना चहा दिला. माझी तिकडे जायची इच्छा नव्हती, त्याच इकडे आल्या.

शमसुन्निसाबी म्हणाली, "दिवाणजी, तुम नै आये तो वर्ग बंद. नर्सबाई सामान बांधून राह्यली. माझे घुटने गेले, बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरना अब होत नाई. वेतन मिळालं असतं तर चार महिने बैठके खाती."

आशाबाईनं पहिल्या महिन्याच्या भरवशावर घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फिरवायला माणूस सांगून ठेवला होता. ती काही बोलली नाही, नुसती बसून राहिली. तिचं न बोलणं जास्त त्रास देतं.

सुकरी म्हणाली, "आमी साऱ्या काढतो जी लेकरं. तुमाले काई कराचं नाई. तुमी फक्त सातवे होऊन बसा."

आजवर मला नुसतं बसण्यासाठी कोणी इतकं विनवलं नव्हतं. मी म्हणालो, बसेन, पण दोन अटी. एक, नाव दुरुस्त होईपर्यंतच. दोन, भिंतीकडे तोंड करून बसेन.

त्यांनी दोन्ही मान्य केल्या. सुकरी जाताना कमळेकडे बराच वेळ पाहत होती आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. घरच्या सुनेशी परक्या बाईनं कुजबुजणं मला पसंत नाही.

२४ ऑक्टोबर, बुधवार

भिंतीकडे तोंड करून बसलो तरी कान उघडे राहतात, ही अडचण मी लक्षात घेतली नव्हती. पाच-सहा दिवसांत जे कानावर पडलं, ते आमच्या लग्नाच्या बत्तीस वर्षांत, माझी बायको होती तोवर, तिनं मला कधी सांगितलं नाही.

नर्सबाई भराभर बोलते आणि सहाजणींपैकी एकीलाही लिहिता येत नाही. वाया जातं म्हणून मी उतरवून घेतो. दिवाणजीच्या हाताला सवय असते, बाकी काही नाही.

आज नखं तपासली. माझ्या डाव्या करंगळीचं नख मी तीस वर्षं वाढवलं होतं. ती दिवाणजीची खूण होती. नर्सबाईनं "यात जंतू असतात" म्हणून ते कापलं. मी नख कागदात गुंडाळून घरी आणलं.

२९ ऑक्टोबर, सोमवार

शमसुन्निसाबीनं चिंध्यांचं बाळ शिवलं आहे. डोळ्यांच्या जागी मणी. प्रत्येकीनं ते सुपात घेऊन पुसायचं, नाळ बांधायची, गुंडाळायचं. नर्सबाई म्हणाली, हे सगळ्यांना करावंच लागतं, हजेरीत लिहावं लागतं.

मी भिंतीकडून वळलो. घेतलं. ते अपेक्षेपेक्षा हलकं निघालं, हातातून सुटलं आणि मुंडकं ओसरीच्या पायरीवरून खाली गेलं.

आशाबाई उठली, मुंडकं घेऊन आली, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "पहिलं हाय, होते असं."

घरी येऊन जेवलो नाही. कमळाही जेवली नाही, पण तिला काय झालं होतं कोण जाणे.

३ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी आहे, वर्ग नाही. नानाजीकडे अर्जाची चौकशी केली. तो म्हणाला, परवाच्या गुरुवारपासून आपण मध्य प्रदेशात नाही, मुंबई राज्यात आहोत. नागपूरच्या फाइली मुंबईला चालल्या.

"माहा अर्ज?"

"तो बी गेला असन. आता तुमाले बाईचं जी कराचं तं मुंबईनं करावं लागन."

मी मुंबई पाहिलेली नाही आणि माझा अर्ज तिथं पोचला. दुसरा अर्ज, आठवण म्हणून, थेट मुंबईला लिहिला. नानाजीनं इंग्रजीत करून दिला. त्याच्या इंग्रजीबद्दल मला भरवसा नाही, पण त्याला आहे.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा पाठ: बाई गरोदर आहे हे कसं ओळखावं. नऊ लक्षणं. मी स्वच्छ उतरवली. मळमळ, सकाळची ओकारी, आंबटाची वासना, माती खाणं, झोप फार, चीडचीड, वगैरे. अक्षर आज विशेष साधलं.

घरी मात्र काळजी. कमळा चिंचा खाते आणि फुटक्या कवेलूचे तुकडे चघळते. सकाळी ओकते. दुपारी झोपते. काल मी मीठ मागितलं तर रडली. मला खात्री आहे की पोटात जंत झाले. वावडिंगाचा काढा करून दिला. तिनं "हो मामाजी" म्हणून पेला घेतला आणि परसात गेली. थोड्या वेळानं पाहिलं तर लिंबाच्या बुडाशी ओल होती.

१९ नोव्हेंबर, सोमवार

जंतांवर जालीम उपाय विचारावा म्हणून वर्गात नर्सबाईसमोर कमळेची लक्षणं एकेक करून सांगितली. सगळी सांगून झाल्यावर तिनं खडू खाली ठेवला. शमसुन्निसाबी तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

सुकरी म्हणाली, "दिवाणजी, तुमच्या घरचे जंत वैशाखात पाळण्यात निजतील."

मी वही उघडून शुक्रवारचं पान काढलं. नऊपैकी आठ.

विचारलं, "तुमाले कधीपासून ठाऊक?"

"तुमच्या घरी चहा पेलो, त्या दिवशी."

संध्याकाळी घरी जाताना कमळेसाठी पेरू घेतले. तिनं विचारलं, "काऊन जी मामाजी, आज पेरू?" मी म्हणालो, स्वस्त होते. रविवारी वारलू आला की त्याच्याशी या विषयावर कसं बोलावं, त्याचा पाठ वर्गात झालेला नाही.

११ डिसेंबर, मंगळवार

भिंतीकडे तोंड करणं मी बंद केलं आहे. मान आखडते.

नर्सबाईचं बोलणं मी घरी सोपं करून लिहितो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवतो. तीन वेळा वाचलं की त्यांचं पाठ होतं. सुकरी मध्येच म्हणते, "हे चुकलं हाय, असं नसते." नर्सबाई विचारात पडते, आणि बहुतेकदा सुकरीचं बरोबर निघतं. एकदा नर्सबाईचं बरोबर निघालं. नाळ कापायला कोयता आणि विळा सोडून कात्री उकळून वापरावी, यावर. तेव्हा सुकरी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "माह्या हातची दोन लेकरं गेली होती, धनुर्वातानं. विळ्यानं गेली काय?"

मी म्हणालो, मला ठाऊक नाही. वहीत आहे ते तिला ठाऊक होतंच.

तिनं मान हलवली आणि कात्री चौथ्यांदा उकळायला ठेवली.

२७ डिसेंबर, गुरुवार

नियमात आहे की प्रत्येकीनं पाच बाळंतपणं पाहिली पाहिजेत. माझं अडलं. नर्सबाईनं नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं आणि म्हणाली, "पाच बाळंतपणं असं आहे. कोणाची, ते लिहिलेलं नाही."

तेव्हा माझी पाच अशी झाली: तीन बकऱ्या, एक म्हैस, आणि पाचवी आशाबाईच्या शेजारची बकरी. तिला दोन झाली म्हणून ती दोनदा धरावी असा माझा आग्रह होता, नर्सबाईनं मानला नाही. म्हशीच्या वेळी मी हात कोपरापर्यंत साबणानं धुतले. म्हशीचा मालक गुणवंतराव पाहत होता. म्हणाला, "दिवाणजी, लगीन लागून राह्यलं काय?"

त्याला जंतूंबद्दल समजावलं. तो दुसऱ्या दिवशी हात धुऊन धार काढत होता, असं ऐकलं.

१७ जानेवारी १९५७, गुरुवार

मुंबईचा हुकूम आला. नानाजीनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. त्यानं मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं: 'अर्जदाराच्या विनंतीवरून सदर यादीतील अनुक्रमांक एक ते सात यांच्या नावापुढील बाई हा शब्द वगळून त्या जागी जी असा वाचावा.'

"एक ते सात?"

"असंच हाय."

म्हणजे मी रखमाजी झालो. सुकरी सुकरीजी झाली, आशाबाई आशाजी झाली. शमसुन्निसाबीच्या नावापुढे बाई नव्हतंच, तरी तिथंही जी बसला. मला हसू येत होतं, तेवढ्यात नानाजीनं दुसरा कागद काढला. विकास अधिकाऱ्यांचा. 'दायांच्या वर्गात एकही स्त्री नसल्याचं मुंबईच्या हुकुमावरून दिसून आल्यानं वर्गाचं अनुदान आजपासून बंद करण्यात येत आहे. वर्गासाठी आलेल्या पेट्या परत कराव्यात.'

१९ जानेवारी, शनिवार

वर्ग बंद. नर्सबाईला वर्ध्याला परत जायचा कागद आला. सहाजणींना मीच सांगितलं, कारण हुकूम माझ्या अर्जावरून निघाला होता.

कोणी रागावलं नाही. शमसुन्निसाबीनं चिंध्यांचं बाळ घडी करून पिशवीत घातलं. सुकरी म्हणाली, "पेटीतली कात्री लय चांगली होती." आशाबाईच्या घराचे अर्धे कवेलू फिरवून झाले आहेत, अर्धं घर उघडं आहे. ती म्हणाली, "तुमचं नाव तं नीट झालं ना जी?"

ती हे खरंच विचारत होती.

मी दोन अर्ज लिहिले. दोन्ही सुवाच्य. एका 'जी'साठी सहा म्हाताऱ्यांचं दाणापाणी घालवलं. आज वहीत आणखी काही लिहावंसं वाटत नाही.

२२ जानेवारी, मंगळवार

चांद्याला गेलो, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांकडे दाद मागायला. सातही जण, एसटीच्या मोटारीनं. शमसुन्निसाबीला मोटार लागली. सुकरी पहिल्यांदाच बसली होती, तिनं ड्रायव्हरला दोनदा हळू चालवायला सांगितलं आणि त्यानं चालवली.

मोठ्या साहेबांच्या दारात इलेक्शनची गर्दी. दुपारी तीनला आत घेतलं. साहेब थकलेले. मी उभं राहून सगळी हकीगत सांगितली. साहेबांनी हुकूम वाचला, मग समोरच्या सहाजणींकडे पाहिलं.

"या स्त्रिया आहेत हे उघड आहे," साहेब म्हणाले. "पण कागदावर काय आधार?"

सुकरी पुढे झाली. "साहेब, मले सात लेकरं झाली. आधार पाह्यजे तं साताही जणांले घेऊन येतो. एक तं तुमच्याच फाटकावर पोलीस हाय."

साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली. ती खाली बसली.

मग साहेबांनी मला समजावलं. सहाजणींना पुन्हा बाई करायचं आणि एकाला जी ठेवायचं, ही नवी दुरुस्ती झाली. ती मुंबईला पाठवावी लागेल, आणि मुंबईहून काय होऊन येईल ते सांगता येत नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती. मूळ अर्जदारानं लिहून दिलं की आपला अर्जच चुकीचा होता, तर झालेली दुरुस्ती संपूर्ण रद्द धरता येईल. तेवढं ते इथल्या इथे, आत्ताच करू शकत होते.

"संपूर्ण म्हणजे सातही?" मी विचारलं.

"सातही."

"म्हणजे अर्जदारानं काय लिहायचं?"

साहेबांनी माझ्या मिशांकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले. "तुमचं तुम्ही ठरवा. मी डिक्टेट करणार नाही."

मागून आशाबाई म्हणाली, "राहू द्या जी दिवाणजी. लोक काय म्हणतीन."

मी साहेबांकडे कोरा कागद मागितला. टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिलं: 'मी खाली सही करणारी, रुखमाबाई गुरनुले, लिहून देते की माझ्या नावातील बाई हा शब्द बरोबर असून तो वगळावा असा जो अर्ज मी केला, तो माझ्या गैरसमजुतीमुळे केला. मी बाईच आहे व या वर्गात शिकत आहे. वर्ग पूर्ववत चालू करावा ही नम्र विनंती.'

'केला'च्या जागी एका ठिकाणी 'केली' झालं होतं, ते नीट केलं. खाली सही केली. 'बाई'तल्या 'ई'ला वर चांगला वळणदार आकडा दिला. सहाजणींनी साक्षीचे अंगठे उठवले.

साहेबांनी शिक्का मारला. आम्ही निघताना म्हणाले, "रुखमाबाई, अक्षर सुंदर आहे तुमचं."

पाच वर्षांनी कोणीतरी म्हणालं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षा. चांद्याहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. जाड चष्मा, हसू कमी. सहाजणींचं झाल्यावर त्यांनी नाव पुकारलं आणि मी आत गेलो.

"मी रुखमाबाईंना बोलावलं."

नर्सबाई घसा साफ करून म्हणाली, "ह्याच त्या. फाइल पाहावी."

डॉक्टरीणबाईंनी फाइल पाहिली. त्यात मुंबईचा हुकूम, विकास अधिकाऱ्यांचा हुकूम, साहेबांचा शिक्का आणि माझं कबुलीपत्र होतं. बराच वेळ लागला. मग फाइल मिटून त्यांनी विचारलं, "बाळंतिणीच्या घरी गेल्यावर आधी काय कराल?"

"आधी तिथली गर्दी घालवीन. मग नखं पाहीन. माझी, मग सोबतच्या दाईची. मग पाणी."

"पाणी किती वेळ उकळायचं?"

"खळखळ सुरू झाल्यावर पंधरा मिनिटं. घड्याळ नसलं तर एक विडा निवांत चघळून होईपर्यंत, पण विडा दाईनं खायचा नाही, दुसऱ्यानं."

"बाळ रडलं नाही तर?"

मी सगळं सांगितलं, क्रमानं, तोंड पुसण्यापासून. मध्ये चिंध्यांच्या बाळाची आठवण आली, पण थांबलो नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अठरा प्रश्न विचारले. मी वर्गात दुसरा आलो. पहिली सुकरी.

प्रमाणपत्रावर 'श्रीमती' छापलेलंच होतं. पेटीत कात्री, वाटी, साबण, नखांचा ब्रश, दोरा, मेणकापड. मी पेटी डोक्यावर घेऊन दोन कोस आलो. हातातही मावली असती.

९ मार्च, शनिवार

आज जे झालं ते झोपण्याआधी लिहून ठेवतो.

सकाळी अंगणात दात घासत होतो. बैलगाडी येऊन थांबली. लटारू नावाचा पोरगेला माणूस, सुकरीच्या पुढच्या टोल्यावरचा, घामाघूम. म्हणाला, "भाऊ, रुखमाबाईचं घर हेच ना? चावडीवर सरकारी दायांची यादी लावली, त्यात नाव हाय. माह्या बायकोले पहाटपासून कळा सुरू हायेत."

कमळा दारात उभी होती. सातवा-आठवा महिना, पोट दिसतं. ती माझ्याकडे पाहू लागली.

मी चूळ भरली. "हेच घर. थांब, पेटी घेतो."

"रुखमाबाई कुठी हायेत?"

"मीच."

त्यानं गाडीकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. पण कळा लागलेल्या बाईच्या नवऱ्याला वाद घालायला सवड नसते. वाटेत सुकरीला घेतलं. ती गाडीत चढत म्हणाली, "लटारू, भिऊ नको. ही आमची लिहितवाचती दाई हाय."

मी खोलीत गेलो नाही. ते योग्य नव्हतं, आणि सुकरी होती. मी अंगणात पाणी उकळलं, कात्री उकळली, आठ बायांपैकी सहा घालवल्या, लटारूला विडा दिला आणि तो चघळून संपेपर्यंत झाकण उघडलं नाही. मग कुडाच्या भिंतीला पाठ लावून बसलो. वही मांडीवर.

आतून सुकरी विचारायची, "रुखमाबाई, आता काय?" मी वहीतून वाचायचो. ती म्हणायची, "हो, बरोबर." आश्चर्य वाटतं, चाळीस वर्षं हे काम केलेल्या बाईला ऐन वेळी काही म्हणून आठवत नाही. बरं झालं, मी होतो. एकदा तर मी पान उलटत होतो, तेवढ्यात आतून बाळाचं रडणं आलं, आणि त्यानंतर सुकरीनं विचारलं, "आता बाळ येन, मंग काय कराचं?" घाईत तिचा क्रम चुकला असावा. मी तरी पूर्ण वाचून दाखवलं.

मुलगी झाली. नाळ उकळलेल्या कात्रीनं कापली. वेळ वहीत लिहिली, दुपारचे साधारण दोन. सुकरीनं बाळ कापडात गुंडाळून कुडाच्या दारात माझ्या हातात दिलं. मी दोन्ही हातांनी धरलं. जड होतं.

निघताना लटारूची आई सूप घेऊन बाहेर आली. सुपात धान, नारळ आणि दोन लुगडी, दोन्ही दायांसाठी. सुकरीची ओटी भरली. मग ती म्हातारी दुसरं लुगडं हातात घेऊन अंगणात थबकली. "सुकरी, हे कोनाच्या ओटीत घालू वं?"

"रुखमाबाईच्या," सुकरी म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

म्हातारी माझ्यासमोर उभी. तिच्याही मनाला ते पटत नसावं, पण दाईला रिकामं पाठवलं तर बाळाला बाधतं, अशी इकडची समजूत. मी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही टोकं धरून तिच्यासमोर पसरलं. तिनं धान घातलं, नारळ घातला, वर लुगडं ठेवलं. कुंकवाचं बोट घेऊन जरा घुटमळली, मग ते नारळालाच लावलं.

हिरवं लुगडं, तांबडा काठ, नऊवारी, हातमागाचं. गाडीत मी सुकरीला म्हणालो, आशाबाईला देऊन टाकतो, तिला होईल.

ती म्हणाली, "दाईनं आपलं पहिलं लुगडं कोनाले देऊ नये."

तेव्हा दिलं नाही. घडी करून ट्रंकेत ठेवलं आहे, काळ्या कोटाच्या वर.